पिंपात मुरलेली पांढरी वाइन: बिघडली की फार गार झाली?

प्रश्न : नाशिकजवळच्या डोंगरउतारावरील एका द्राक्षबागेतून आम्ही ओकच्या पिंपात मुरवलेल्या शेनिन ब्लाँच्या (याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन) दोन बाटल्या आणल्या. पहिली फ्रिजमधून काढून लगेच उघडली, तेव्हा फळाचा वास जवळजवळ आलाच नाही. लाकूड आणि कडसरपणा तेवढा जाणवला. रंग नेहमीपेक्षा पिवळा होता आणि तळाशी साखरेसारखे बारीक खडे होते. वाइन खराब झाली होती का? दुसरी बाटली कशी ठेवावी आणि कशाबरोबर घ्यावी?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून वाइन खराब झाली असावी असे वाटत नाही. बिघडलेल्या वाइनला व्हिनेगरसारखा झोंबणारा किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो. तळाचे खडे हे द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचे क्षार असून ते थंडीत खाली बसतात आणि पूर्णपणे निरुपद्रवी असतात. पिवळेपणाही पिंपात मुरल्याचाच परिणाम आहे, कारण लाकडातून अत्यंत सावकाश हवा आत शिरते आणि रंग सोनेरीकडे झुकतो.

लाकडाच्या वासाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे. वाइनसाठी सर्रास वापरले जाणारे ओकचे पिंप सुमारे 225 लिटरचे असते आणि ते बनवताना आतली बाजू आगीवर शेकतात. व्हॅनिलाचा आणि भाजलेल्या सुक्या मेव्याचा वास तिथूनच येतो. नव्या पिंपाचा प्रभाव सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार हंगामांनंतर तो बराच ओसरतो. हे लाकूड पेलण्यासाठी द्राक्षात आम्ल टिकलेले असावे लागते, आणि उताराच्या जमिनीचे महत्त्व इथेच कळते. तिथे पाणी साचत नाही, मुरमाड मातीत वेल माजत नाही आणि हिवाळ्यातल्या गार रात्रींमुळे आम्ल लवकर उतरत नाही. आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (नव्या फुटव्यांसाठी) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळासाठी) करतात, ती फळ कोरड्या, थंड दिवसांत पिकावे म्हणूनच. अशा फळाची वाइन नव्या पिंपात इतकी ठेवणे की फळ शोधावे लागेल, हे मला अजिबात पटत नाही. शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत त्यात झाकली जाते.

तरीही दोष बनवणाऱ्याला देण्याआधी तापमान तपासा. घरचा फ्रिज साधारण 4 ते 5 अंशांवर असतो. इतक्या थंडीत फळाचे सुगंध दबतात आणि लाकडाचा कडसरपणा उठून दिसतो. ही वाइन 11 ते 13 अंशांवर घ्यावी, म्हणजे बाटली उन्हाळ्यात वीसेक मिनिटे आणि थंडीत त्याहून बरीच आधी बाहेर काढावी. ग्लास रुंद पोटाचा असावा व अर्ध्याहून कमी भरावा. पहिल्या घोटानंतर दहा मिनिटे थांबून पुन्हा वास घेतलात, तर फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

साठवणीच्या बाबतीत पुण्याचा एप्रिल-मे फार वाईट. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये किंवा ओट्याच्या वरच्या कपाटात बाटली ठेवली, तर उष्णतेने फळाचा ताजेपणा जातो. वेगळे वाइन कॅबिनेट नसेल, तर काही महिन्यांपुरता फ्रिजचा भाजीचा कप्पाच बरा. बूच असल्यास बाटली आडवी ठेवा. उघडल्यावर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा.

जेवणात तांबडा रस्सा टाळा, कारण अल्कोहोलमुळे तिखटाची आग वाढते. ओल्या नारळाच्या वाटणातली, तिखट बेताची कोलंबी हिला उत्तम जुळते. शाकाहारी घरात ओल्या काजूंची उसळ करून बघा. काजूचा स्निग्धपणा आणि पिंपाचा सुक्या मेव्यासारखा वास एकमेकांना धरून राहतात, फक्त उसळीत मिरची हात राखून घाला.