ए-१० सारख्या जुन्या विमानाला लेझर गायडेड रॉकेट लावताना विमानात काय काय बदलावं लागलं?

तुम्ही विचारलंय की ए-१० हे जमिनीवरच्या लक्ष्यांवर मारा करणारं अमेरिकेचं सत्तरच्या दशकातलं विमान, त्याला अमेरिकेने २०१६ मध्ये लेझर गायडेड रॉकेट (टार्गेटवर पडलेल्या लेझरच्या ठिपक्याकडे वळत जाणारं) लावलं तर वायरिंग, कॉम्प्युटर सगळंच बदलावं लागलं असणार, मग एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ लेझर बॉम्बच का नाही टाकत. तर खास या रॉकेटसाठी म्हणून विमानात जवळजवळ काहीच बदलावं लागलं नाही, आणि मला या सगळ्या प्रकरणात हेच सगळ्यात भारी वाटतं.

मूळ रॉकेट म्हणजे हायड्रा-७०, ७० मिलिमीटरचं, पुढे वॉरहेड मागे मोटर, बस्स. एकदा सोडलं की ते वाऱ्यावर. ए-१० वाले तर ते खुणेसाठी पण वापरायचे, पांढऱ्या धुराचं रॉकेट मारायचं म्हणजे बाकीच्या विमानांना कळतं कुठे मारायचंय. एपीकेडब्ल्यूएस, म्हणजे याच रॉकेटचा लेझर गायडेड अवतार, त्यात वॉरहेड तेच, मोटर तीच, फक्त दोघांच्या मध्ये साधारण दीड फुटाचा गायडन्सचा तुकडा बसवायचा. म्हणजे गोदामात पडलेला जुना माल वाया जात नाही.

आता हा तुकडा मध्येच का, नाकावर का नाही, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मी ॲरिझोनात राहतो, इथे टूसॉनला डेव्हिस-माँथन बेसवर एअर शोला ए-१० अगदी हात लावता येईल इतक्या जवळून बघितलंय. पंखाखाली रॉकेट ठेवायचा सात नळ्यांचा पॉड होता, एकेका नळीचं तोंड चहाच्या ग्लासाएवढं, आणि सातही एकमेकींना अगदी खेटून. ते बघितल्यावर डोक्यात प्रकाश पडला, कारण शेजारचं रॉकेट सुटलं की त्याचा धूर, काजळी, कचरा सगळा बाकीच्यांच्या तोंडावर येणार, नाकावर काच असती तर दुसऱ्या तिसऱ्या फायरलाच आंधळी झाली असती. म्हणून लेझर बघणारे डोळे या तुकड्याच्या चार छोट्या पंखांच्या पुढच्या कडेत बसवलेत आणि ते पंख नळीत असेपर्यंत आत मिटलेले असतात, रॉकेट बाहेर पडलं की उघडतात. ज्याने हे डोकं लावलं त्याला खरंच सलाम.

विमानाच्या दृष्टीने ते आधीसारखंच साधं रॉकेट. ट्रिगर दाबला, करंट गेला, सुटलं. कोणत्या लेझरच्या मागे जायचं तो कोड जमिनीवरची माणसंच रॉकेटवर हाताने सेट करून मग लोड करतात. बदल करावा लागला तो रॉकेटमध्ये, कारण ते आधी हेलिकॉप्टरसाठी होतं (२०१२ पासून मरीन्स अफगाणिस्तानात वापरत होते) आणि जेटचा वेग आणि उंची वेगळी. २०१६ मध्ये आधी हॅरियर जेटवर आलं, मग ए-१० आणि एफ-१६ वर.

पण एक गोष्ट लोक विसरतात, टार्गेटवर लेझर कोणीतरी धरून ठेवावा लागतो, शेवटपर्यंत. एकतर विमानाला टार्गेटिंग पॉड (कॅमेरा आणि लेझर असलेला डबा) हवा नाहीतर खाली डेझिग्नेटर, म्हणजे लेझर टाकायचं यंत्र, घेतलेला सैनिक. ए-१० ला हा टार्गेटिंग पॉड आणि डिजिटल सिस्टीम 'सी' मॉडेलच्या अपग्रेडमध्ये आधीच मिळालेली, खरा खर्च तिथे झालाय. आणि ढग किंवा धूळ मध्ये आली तर कितीही चांगलं रॉकेट असू दे, चुकणार.

बॉम्ब का नाही, तर जीबीयू-१२ हा लहानातला लेझर बॉम्ब म्हणतात तो सुद्धा २२७ किलोचा. रॉकेटचं नेहमीचं वॉरहेड साडेचार किलोचं आणि त्यात स्फोटक जेमतेम एक किलो. एका गल्लीत एक पिकअप उभी आहे, तिच्यावर मशीनगन आहे आणि शेजारच्या घरात एक कुटुंब आहे, अशा वेळी २२७ किलो टाकायचे का हा प्रश्न पायलटला पडतो आणि पडलाच पाहिजे. एक किलोने पण माणूस मरतोच, त्याबद्दल मला काही गोड बोलायचं नाही, पण शेजारचं घर उभं राहण्याची शक्यता कितीतरी जास्त. शिवाय किट साधारण २५ हजार डॉलरच्या आसपास, हेलफायर हे लेझर मिसाईल लाख डॉलरच्या वर, आणि एका पॉडमध्ये ही रॉकेटं सात बसतात.

आपल्याकडे कारगिलला २८ मे १९९९ ला तोलोलिंगजवळ एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं ते साधी रॉकेट्स मारायला जवळ जावं लागलं म्हणून, स्टिंगरच्या (खांद्यावरून मारायच्या मिसाईलच्या) टप्प्यात आलं आणि चौघे गेले. साधं रॉकेट लांबून लागत नाही हो. त्यानंतर मिराज विमानांनी लेझर बॉम्ब उंचावरून टाकले ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, पण साधं रॉकेट आणि मोठा बॉम्ब यांच्या मधली ही जागा तेव्हा रिकामीच होती.

आणि आता तर एफ-१६ ने लाल समुद्रावर येमेनच्या हुथी बंडखोरांचे ड्रोन याच रॉकेटने पाडलेत, अमेरिकन एअर फोर्सने २०२५ च्या जानेवारीत तसं सांगितलं. तिथे पर्याय होता दहा लाख डॉलरच्या घरातलं मिसाईल.