कोसला झेपली नाही, बरं मग?

अरे पोरा,

परवा सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर तू हळूच विचारलास, 'काका, नेमाडेंची कोसला कादंबरी मला झेपली नाही, माझंच काय चुकायलंय का?' आणि मी चहाचं बोलून विषय बदलला. ते रात्रभर टोचत राहिलं म्हणून लिहायलोय.

ग्रुपवर तर तू 'मास्टरपीस' म्हणून टाकलेलंस. मग खरं कुठलं? हे बघ, पुस्तक मिटलं की आधी स्वतःच्या चार ओळी लिहायच्या, मग दुसऱ्याचं वाचायचं. आधी स्वतःच्या. मी वीस वर्षं हेच सांगायलोय आणि लोक मला हेकट म्हणतात, म्हणू देत.

मृत्युंजय आमच्या बापाने वाचली होती. मिलमधली रात्रपाळी करून आला की वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं ते लायब्ररीचं जाड पुस्तक मांडीवर घेऊन बसायचा, शर्टाला चिकटलेला कापूस पानांत पडायचा, तो फुंकर मारून पुढं वाचायचा. एकदा मला म्हणाला, 'सगळे कर्ण कर्ण करतात, पण तो शोण बोलतो ना, धाकटा भाऊ, ते मला लई लागलं.' मी कॉलेजात नवा नवा शहाणा झालेलो, मित्र म्हणायचे तेच मी म्हणालो, असलं भावनिक काय वाचता. खरं सांगू, मी स्वतः ते वाचून रडलो होतो. त्यानंतर बाप माझ्याशी पुस्तकाबद्दल कधी बोलला नाही. वाचत होता, बोलला नाही.

म्हणून मी तुझ्यावर चिडतो. कोसला १९६३ ची, त्यातल्या पांडुरंगचं ते सारखं उदाहरणार्थ आणि वगैरे म्हणणं तुला कंटाळवाणं वाटलं, वाटू दे की, पण कुठल्या पानावर वाटलं ते लिही. त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते तिथंही कंटाळलास का? तिथं थांबला असशील तर तेही लिही. मला स्वतःला पहिल्यांदा फक्त तेवढीच पानं कळली होती.

रणांगण मी एका बैठकीत वाचलं, बोटीवरची हॅर्टा डोक्यातून जाईना. झाडाझडती मात्र दहा पानांपुढं जमत नाही, कारण माझं आजोळ करमाळ्याकडचं, उजनी धरणाच्या पाण्यात गेलेलं, धरणग्रस्तांचं वाचताना आजीचा उंबराच दिसतो. कोणी म्हणेल हे काय समीक्षण झालं का? नसेल. पण माझं आहे ना, उसनं नाही.

बनगरवाडीत काहीच घडत नाही म्हणालास. अरे, शेवटी दुष्काळात अख्खी वाडी रिकामी होते! सोलापूरच्या पोरानं असं म्हणावं? पण थांब, हे माझं झालं. तुला जे वाटलं तेच धर, माझं ऐकून बदलू नको.

रेटिंग, स्टार, कोणाचे व्हिडिओ, ते नंतर. मी कुठलीही प्रस्तावनासुद्धा शेवटी वाचतो, त्यामुळे चर्चेत चारचौघांत एकटा पडलोय बऱ्याचदा, तरी बदलणार नाही.

रविवारी सकाळी ये, शेंगाचटणी-भाकरी खाऊ. येताना कोसलाबद्दलच्या चार ओळी आण, वहीतच, मोबाईलवर नको. आवडली नाही असंच लिहिलं असेल तर तसंच वाचून दाखव, मी मधे बोलणार नाही.

काका