हेपॅटायटिसचा रिपोर्ट हातात आल्यावर: वाचकांचे प्रश्न

२८ जुलैच्या जागतिक हेपॅटायटिस (विषाणूमुळे यकृताला येणारी सूज) दिनानिमित्त प्रश्न मागवले होते. इंदूर आणि आसपासच्या वाचकांच्या पत्रांत एकच सूर आहे: तपासणी झाली, रिपोर्ट घरात आहे, पुढे काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात जुनाट हेपॅटायटिस बी असलेले सुमारे २ कोटी ९८ लाख लोक होते. जगभरात असा संसर्ग असलेल्यांपैकी फक्त १३ टक्के लोकांचं निदान झालेलं होतं आणि ३ टक्केच उपचार घेत होते. निदान झालेल्या प्रत्येकाला औषध लागतंच असं नाही. पाठपुरावा मात्र प्रत्येकाला लागतो, आणि नेमका तोच राहून जातो.

प्रश्न: मागच्या गणेशोत्सवात मंडळाच्या शिबिरात रक्तदान केलं. काही दिवसांनी रक्तपेढीने बोलावून एचबीएसएजी (रक्तातली हेपॅटायटिस बीच्या विषाणूची खूण) पॉझिटिव्ह असल्याचं सांगितलं. वय ४१, काहीच त्रास नाही. ओळखीच्या डॉक्टरांनी एसजीपीटी (यकृताच्या इजेची रक्ततपासणी) पाहिलं, ३८ होतं. म्हणाले, "तुम्ही कॅरियर आहात, काही करायला नको." मग स्वस्थ बसू का?
(एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर)

स्वस्थ बसू नका. "काही करायला नको" या एका वाक्याने या आजारात जितकं नुकसान होतं तितकं क्वचितच कशाने होत असेल. हेपॅटायटिस बी वर्षानुवर्षं गप्प राहतो, मग मध्येच जागा होतो, आणि यकृत बरंच खराब होईपर्यंत दुखत-खुपत नाही.

आधी एचबीएसएजी पुन्हा करून घ्या. रक्तपेढीची तपासणी चाळणीसाठी असते, निदानासाठी नाही. रक्तदानाला सहा महिने उलटून गेले आहेत, त्यामुळे आताही पॉझिटिव्ह आलं तर संसर्ग जुनाट आहे असं धरायचं. लॅबच्या खिडकीवर "हेपॅटायटिस बीची तपासणी" एवढंच म्हणू नका. पुष्कळदा त्यावर अँटी-एचबीएस, म्हणजे लसीचं टायटर (प्रतिकारशक्तीचं प्रमाण) करून देतात. ते निगेटिव्ह आलं की माणूस सुटलो म्हणून घरी जातो. डॉक्टरांकडून नावं लिहून घ्या: एचबीएसएजी, एचबीईएजी (विषाणू जोमात वाढत असल्याची खूण), एचबीव्ही डीएनए क्वांटिटेटिव्ह (रक्तात विषाणू किती आहे ते), एसजीओटी, एसजीपीटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, प्लेटलेटसह सीबीसी, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि पोटाची सोनोग्राफी. शिवाय हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही एकदा तपासलेले असावेत. एचआयव्ही असताना नुसतं टेनोफोविर (हेपॅटायटिस बीवर देतात ते औषध) सुरू केलं तर एचआयव्ही त्या औषधाला दाद देईनासा होतो.

आता तुमच्या ३८ बद्दल. लॅबच्या कागदावर एसजीपीटीची वरची मर्यादा बहुधा ४० किंवा त्याहून जास्त छापलेली असते, म्हणून ३८ च्या पुढे काही खूण नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ही मर्यादा पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९ धरली आहे. तुमचं ३८ त्या हिशेबाने वाढलेलं आहे. सोबत डीएनए २,००० आययू प्रति मिलिलिटरपेक्षा जास्त निघाला, तर त्याच सूचनांप्रमाणे तुम्ही उपचाराच्या गटात येता. डीएनएच्या आकड्याशेजारचं एकक नीट पाहा. काही लॅब कॉपीजमध्ये आकडा देतात आणि एक आययू म्हणजे साधारण पाच ते सहा कॉपीज. एक रिपोर्ट एका एककात आणि दुसरा दुसऱ्यात असेल, तर विषाणू वाढला की कमी झाला याचा अंदाज पार चुकतो. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा.

यकृतात व्रण किती झालेत हे फायब्रोस्कॅनने कळतं. ती सोय नसेल तर घरी कागदावर हिशेब होतो, त्याला एप्री म्हणतात. एसजीओटीला लॅबच्या वरच्या मर्यादेने भागा, आलेल्या आकड्याला हजारांतल्या प्लेटलेटने भागा आणि १०० ने गुणा. समजा एसजीओटी ४८, मर्यादा ४०, प्लेटलेट १ लाख ६० हजार. ४८ भागिले ४० म्हणजे १.२, त्याला १६० ने भागून १०० ने गुणलं की ०.७५. प्रौढांमध्ये हा आकडा ०.५ च्या वर असेल तर डीएनए कितीही असो, उपचाराचा विचार करायचा. फायब्रोस्कॅनवर हीच रेषा ७ किलोपास्कलला आहे. डेंगीच्या तापात किंवा दारू घेतल्यानंतर लगेच काढलेला एप्री फसवा असतो, कारण तेव्हा प्लेटलेट आणि एसजीओटी दोन्ही दुसऱ्याच कारणाने बिघडलेले असतात.

औषध लागत नाही असं ठरलं तरी पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी एसजीपीटी, आणि पुढे दर सहा ते बारा महिन्यांनी एसजीपीटी व डीएनए. चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (यकृताच्या कर्करोगासाठीची रक्ततपासणी) करावं असा सल्ला आशियाई रुग्णांसाठी दिला जातो. घरात कुणाला यकृताचा कर्करोग झाला असेल तर चाळिशीचीही वाट पाहायची नाही. हेपॅटायटिस बीचा विषाणू आपला डीएनए यकृताच्या पेशींच्या डीएनएत घुसवतो, म्हणून सिरॉसिस (व्रणांनी यकृत कडक होणं) नसतानाही कर्करोग होऊ शकतो. गाठ दोन-तीन सेंटिमीटरची असताना सापडली तर तिचं काही करता येतं.

खर्चाची धास्ती घेऊ नका. राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून सुरू आहे आणि त्यात तपासणी व औषधं मोफत आहेत. इंदूरच्या महाराजा यशवंतराव (एमवाय) रुग्णालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत चौकशी करा. तिथे नुसतं 'पीलिया' म्हणू नका, कारण तुम्हाला कावीळ झालेलीच नाही. रक्तपेढीकडून लेखी मागून घेतलेला कागद पुढे करा.

प्रश्न: सूनबाईंना सहावा महिना आहे. तपासणीत हेपॅटायटिस बी निघाला. त्यांची ताट-वाटी वेगळी ठेवली आहे. बाळाला अंगावर पाजायचं की नाही? बाकी घराचं काय?
(एक सासूबाई, सुदामा नगर, इंदूर)

ताट-वाटी आजच एकत्र करा. हा विषाणू जेवणातून, एकत्र बसण्यातून, मिठीतून पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर आणि कान-नाक टोचायची सुई. शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात तो किमान सात दिवस तग धरतो, म्हणून रक्ताचा डाग ब्लीचच्या पाण्याने पुसायचा.

बाळासाठी अजून वेळ हातात आहे. जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या दहापैकी नऊ बाळांत तो जन्मभराचा होतो. धडधाकट प्रौढात हे प्रमाण शेकडा पाचच्याही खाली असतं. या आठवड्यातच सूनबाईंचा एचबीव्ही डीएनए करून घ्या. तो दोन लाख आययूच्या वर असेल किंवा एचबीईएजी पॉझिटिव्ह असेल, तर टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम रोज एक अशी गोळी देतात. ती २८ व्या आठवड्याच्या आत सुरू झालेली बरी. गर्भारपणात ती चालते.

बाळ जन्मल्यावर बारा तासांच्या आत दोन इंजेक्शनं: एका मांडीत हेपॅटायटिस बीची लस, दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूविरुद्धची तयार प्रतिद्रव्यं). दोन्ही एकाच मांडीत देऊ नयेत. गाडं अडतं ते इम्युनोग्लोब्युलिनपाशी. ते महाग असतं, प्रत्येक मेडिकल स्टोअरमध्ये नसतं आणि रात्री दोन वाजता बाळंतपण झालं तर शोधाशोध होते. आठव्या महिन्यातच दवाखान्याला विचारा की ते कुठे मिळेल आणि कुणाच्या फ्रिजमध्ये राहील. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं, फ्रीझरमध्ये कधीच नाही. इम्युनोग्लोब्युलिन मिळेना म्हणून लस थांबवू नका. लस चोवीस तासांच्या आत गेलीच पाहिजे. नंतर ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट (हेपॅटायटिस बीसह पाच रोगांची एकत्र लस).

अंगावर जरूर पाजा. स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तर ती भरेपर्यंत तेवढी बाजू टाळा. बाळ नऊ ते बारा महिन्यांचं झाल्यावर त्याचं रक्त एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएससाठी तपासा, त्याआधी नाही. लसीमुळे सुरुवातीचे काही दिवस एचबीएसएजी खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं, आणि इम्युनोग्लोब्युलिनमुळे काही महिने अँटी-एचबीएस आपोआप दिसतं.

तुमचा मुलगा, तुम्ही, सूनबाईंची आई आणि भावंडं, सर्वांनी एचबीएसएजी, अँटी-एचबीएस आणि टोटल अँटी-एचबीसी (आता किंवा पूर्वी संसर्ग झाल्याची खूण) करा. तिन्ही निगेटिव्ह असतील तर लस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी, दंडात, कमरेवर नाही. तुमच्या मुलाचं (बाळाच्या वडिलांचं) टायटर तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी पाहा. ते १० किंवा जास्त आलं की संरक्षण आहे. तोवर निरोध वापरावा.

प्रश्न: २०२१ मध्ये हेपॅटायटिस सीसाठी बारा आठवडे गोळ्या घेतल्या. आता हर्नियाच्या ऑपरेशनआधी अँटी-एचसीव्ही पुन्हा रिॲक्टिव्ह आलं आणि तारीख पुढे ढकलली. आजार परत आला का?
(एक वाचक, परदेशीपुरा, इंदूर)

या कागदावरून तसं म्हणता येत नाही. अँटी-एचसीव्ही म्हणजे शरीराने पूर्वी केलेल्या प्रतिकाराची खूण. आजार पूर्ण बरा झाल्यावरही ती बहुतेकांत आयुष्यभर राहते. काही जणांत तर विषाणू औषधाशिवाय सहा महिन्यांत निघून जातो, तरी ही तपासणी पॉझिटिव्हच येत राहते. विषाणू आहे की नाही हे फक्त एचसीव्ही आरएनए सांगतो.

गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए केला होता का ते फाइलमध्ये पाहा. तो "नॉट डिटेक्टेड" असेल तर तुम्ही बरे झाला आहात. हाच कागद सर्वांत मोलाचा आणि पुष्कळांकडे नेमका हाच नसतो, कारण गोळ्या संपल्या की जाणं थांबतं. नसेल तर आत्ता आरएनए करा, त्याच्या दोन-तीन प्रती ठेवा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा आणि सर्जनना दाखवा. विषाणू असला तरी त्या कारणाने ऑपरेशन नाकारणं योग्य नाही. संसर्ग टाळायची काळजी प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखीच घ्यायची असते.

बरं होणं म्हणजे लसीसारखं संरक्षण नव्हे. सीची लस नाही आणि पुन्हा लागण होऊ शकते. उपचाराआधी सिरॉसिस झालेलं असेल, तर विषाणू गेला तरी सहामाही सोनोग्राफी सुटत नाही.

प्रश्न: दोन वर्षं टेनोफोविर घेतो आहे. डीएनए "नॉट डिटेक्टेड" आला. आता गोळी बंद करू?
(एक वाचक, देवास)

स्वतःहून नको. गोळीने विषाणूच्या नव्या प्रती बनणं थांबतं, पण त्याचा मूळ साचा यकृताच्या पेशींच्या केंद्रकात तसाच असतो. गोळी थांबली की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो उसळू शकतो, आणि सिरॉसिस असलेल्यांचा त्यात जीव जाऊ शकतो. एचबीएसएजी निगेटिव्ह झालं तर डॉक्टर थांबवण्याचा विचार करतात. क्रिएटिनिन दर सहा ते बारा महिन्यांनी पाहा. मूत्रपिंडावर ताण दिसला तर टीएएफ (टेनोफोविरचाच दुसरा प्रकार) २५ मिलिग्रॅमवर बदलता येतं. सांधेदुखी, दमा किंवा कर्करोगासाठी स्टेरॉइड वा केमो सुरू होणार असेल, तर हेपॅटायटिस बी आहे हे आधी सांगा.

प्रश्न: भाच्याला कावीळ झाली आहे. शेजारी पीलिया उतरवणाऱ्याची माळ घालायला सांगतात. उसाचा रस चालेल?
(एक मावशी, रामबाग, इंदूर)

माळेचे देठ वाळले की गाठी सैल होतात आणि माळ लांबते. आजाराशी तिचा संबंध नाही. हेपॅटायटिस ए आणि ईची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपली आपणच उतरते आणि श्रेय माळेला मिळतं. पण बिलिरुबिन, एसजीपीटी, आयएनआर करा, आणि ए, बी, सी, ई यांपैकी काय आहे ते शोधा. हळद, तेल बंद करायची गरज नाही. भूक असेल ते घरचं जेवण द्या. गाड्यावरचा बर्फ घातलेला रस नको, पाणी उकळून द्या. गुळवेलीचे काढे नकोत. त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी कोविडच्या काळात आपल्याच देशात झाल्या आहेत. तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारूनच. भाचा असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, हिरड्यांतून रक्त आलं किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. घरात कुणी गरोदर असेल आणि तिला कावीळ दिसली, तर एवढीही वाट पाहू नका; शेवटच्या तिमाहीतली ईची कावीळ जिवावर बेतते.