झाडाला खत नको, हवा हवी

प्रश्न : सोसायटीत पार्किंगच्या कडेला बकुळ आणि ताम्हणाची बारा वर्षांची झाडे आहेत. तीन वर्षांपासून पाने बारीक येतात, शेंडे वाळतात. दर पावसाळ्याआधी बुंध्याशी शेणखत आणि डीएपी हे रासायनिक खत घालतो. खत वाढवावे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : वाढवू नका, डीएपी तर बंदच करा. बांधकामाच्या वेळी त्या जागेवरून डंपर फिरलेले असतात, वर मुरूम टाकून रोलरही फिरवलेला असतो. अशा जमिनीतल्या पोकळ्या मिटतात, मुळांना हवा मिळत नाही. मग समोर असलेले खतही झाडाला उचलता येत नाही. शिवाय अन्न शोषणारी बारीक मुळे बुंध्याशी फारशी नसतातच. ती दूर पसरलेली असतात, बहुतेक वरच्या 30 ते 45 सेंटिमीटरच्या थरात.

आधी खात्री करा. संध्याकाळी जमीन भिजवा आणि दुसऱ्या दिवशी 8 मिलिमीटरची सळई हाताने दाबून पाहा. 15 सेंटिमीटरही शिरली नाही, तर माती दबली आहे. मग 30 सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी पाणी उतरले, तर निचराही नाही.

खोदकाम वाफशावरच, म्हणजे माती फार ओली किंवा फार कोरडी नसतानाच करा. मूठभर माती आवळून गोळा करा आणि छातीच्या उंचीवरून सोडा. गोळा फुटला तर ठीक, हाताला चिखल लागला तर थांबा. ओल्या काळ्या मातीत कुदळ चालवली की चराच्या भिंती लिंपल्यासारख्या होतात आणि मुळे त्यांतून बाहेर पडत नाहीत.

खोडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजून 3.14 ने भागा, म्हणजे व्यास निघेल. घेर 95 सेंटिमीटर असेल तर व्यास साधारण 30. व्यासाच्या पाचपट, म्हणजे इथे दीड मीटर, खोडाभोवतीची जागा खणायची नाही. त्यापुढे बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे सहा चर पानांच्या घेराच्या कडेपर्यंत न्या. रुंदी 20 आणि खोली 25 सेंटिमीटर पुरे. यंदा एकाआड एक तीनच काढा, उरलेले पुढच्या वर्षी. अंगठ्याहून जाड मूळ लागले तर त्याखालून माती काढा, ते तोडू नका. बारीक मुळे तुटली तर टोके कात्रीने साफ कापा. (पहार हाती घेण्याआधी विजेची केबल आणि गॅसची नळी कुठून गेली आहे ते विचारा. सोसायटीचे नकाशे आणि प्रत्यक्ष जमीन यांचे नेहमी जुळतेच असे नाही.)

राडारोडा वेचून काढा. मग दोन भाग निघालेली माती आणि एक भाग पूर्ण कुजलेले कंपोस्ट मिसळून चर भरा. दोन मीटरचा एक चर भरायला साधारण 100 लिटर मिश्रण लागते. तळाशी घट्ट मुरूम असेल तर आधी पहारीने दर फुटावर भोके पाडा. तसे न केल्यास चराचे कुंड होते आणि पावसात मुळे सडतात.

अर्धवट कुजलेले शेणखत नको, त्यातून हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी येते. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळली तर ती विटेसारखी घट्ट होते. जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या जमिनीसाठी उपयोगी आहे, गाड्यांनी दाबलेल्या मातीला त्याचा काही फायदा नाही.

शेवटी सगळ्या घेरावर पालापाचोळ्याचा 7-8 सेंटिमीटर थर द्या, खोडापासून एक वीत सोडून. झाड स्वतःचे जेवण स्वतःच खाली टाकते आणि आपण ते रोज झाडून घंटागाडीत भरतो. माती निकस व्हायचे हेही मोठे कारण आहे. कडेला दगडांची ओळ लावून गाड्या अडवा, नाहीतर सगळी मेहनत एका पावसाळ्यात पुन्हा दाबली जाईल. पानांचा आकार सुधारायला दोन पावसाळे लागतात. वाळलेले शेंडे हिरवे होणार नाहीत.

प्रश्न : कुंपणाजवळच्या सोनचाफ्याची नवी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. युरिया देऊ का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नको. युरियातून मिळते ते नत्र (नायट्रोजन), आणि ते कमी असते तेव्हा आधी जुनी पाने पिवळी पडतात. तुम्ही सांगता तो केवडा आहे, म्हणजे लोहाची कमतरता. मातीत लोह बहुधा आहे, पण चुनखडीत आणि कुंपण बांधताना पडलेल्या सिमेंटच्या मालात ते अडकते. मातीचा सामू (पीएच) तपासून घ्या. तात्पुरता उपाय म्हणून 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. मातीत द्यायचे असेल तर ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेले) घ्या. स्वस्तातले ईडीटीए चुनखडीच्या मातीत टिकत नाही.

प्रश्न : कडुनिंबाभोवती पार बांधून आत दोन फूट माती भरायची आहे. चालेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नको. बुंध्याची साल मातीखाली गेली की कुजते आणि जुनी मुळे गुदमरतात. बसायला हवे असेल तर बुंध्यापासून दूर सुटी बाके ठेवा. पेव्हर ब्लॉक खोडापर्यंत भिडले असतील, तर किमान एक मीटर काढा. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे काँक्रीट काढायला सांगितले, तेही एवढ्याच अंतरापर्यंत. मोठ्या झाडाला दोन मीटर दिलेत तर उत्तम.