अल्फा-१ अँटिट्रिप्सिन कमी असेल तर ते शिरेतून दिल्याने फुफ्फुसं वाचतात का?

झीज मंदावते, पण गेलेलं फुफ्फुस परत येत नाही. हे प्रथिन यकृतात तयार होऊन रक्तातून फुफ्फुसात पोचतं. तिथे न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी जंतूंशी लढताना इलास्टेज नावाचं विकर (एन्झाइम) सोडतात. त्याला आवर नसेल तर ते हवेच्या पिशव्यांच्या लवचिक भिंतीच कुरतडतं. अल्फा-१ त्या विकराला पकडून कायमचं निकामी करतं. शिवाय न्यूट्रोफिलना बोलावणाऱ्या इंटरल्यूकिन-८ या रेणूला बांधून आणखी न्यूट्रोफिल गोळा होणं रोखतं, म्हणून ते दाहशामकही आहे.

ही कमतरता १९६३ मध्ये स्वीडनच्या लॉरेल आणि एरिक्सन यांनी दाखवली. दात्यांच्या प्लाझ्मातून (रक्तातल्या द्रवभागातून) काढलेलं प्रथिन अमेरिकेत १९८७ पासून मिळतं. नेहमीचा डोस आठवड्याला दर किलो वजनामागे ६० मिलिग्रॅम. या उपचाराच्या २०१५ च्या 'रॅपिड' चाचणीत सीटी स्कॅनवर फुफ्फुसाची घनता घटण्याचा वेग कमी दिसला, स्पायरोमेट्रीत (फुंकून श्वासाची क्षमता मोजण्यात) मात्र ठळक फरक नव्हता. टाइप १ मधुमेहावरही प्रयोग झालेत, पण तिथे अजून आशा जास्त, पुरावा कमी. आणि सिगारेट चालू ठेवून हे घेणं म्हणजे पैसे पाण्यात. धुरामुळे याच प्रथिनाची पकड सुटते.

एक मात्र लक्षात ठेवा, यकृताच्या त्रासावर याचा उपयोग नाही. या प्रथिनाच्या जनुकातल्या झेड प्रकारच्या बदलात बिघडलेलं प्रथिन यकृताच्या पेशींतच साचतं. बाहेरून चांगलं दिलं तरी ते तिथून हलत नाही. रक्तातल्या पातळीची तपासणी ताप-सर्दीत करू नका, सूज असताना पातळी तात्पुरती वाढून फसवी नॉर्मल दिसू शकते.