गाय पुन्हा पुन्हा का उलटते?

प्रश्न : आमच्या गवळाऊ गाईला दोनदा कृत्रिम रेतन केले, दोन्ही वेळा ती 21 व्या दिवशी उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. पशुवैद्यकांनी बोलताना डोक्यातील पीयूषिका ग्रंथीचा उल्लेख केला. त्या ग्रंथीचा गर्भ रुजण्याशी काय संबंध? — एक पशुपालक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : ही ग्रंथी गर्भाला स्पर्शही करत नाही, पण तिच्यावाचून तो रुजतही नाही. मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत ती असते. गाय माजावर आली की ती ‘एलएच’ हे संप्रेरक एकदम मोठ्या प्रमाणात रक्तात सोडते. त्यामुळे अंडाशयावरील पक्व बीजपुटिका (स्त्रीबीज असलेला फोड) फुटून स्त्रीबीज बाहेर पडते आणि त्या जागी पीतपिंड ही पिवळसर गाठ तयार होते. पीतपिंडाची वाढही एलएचवरच होते. त्यातून स्रवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे गर्भाशयाचे अस्तर पोषक स्राव सोडू लागते, आणि गाईचा गर्भ सुमारे 19 व्या दिवसापर्यंत कोठेही न चिकटता याच स्रावावर जगतो.

उंदीर-घुशींच्या वर्गात हे अधिक स्पष्ट दिसते. तेथे समागमानंतर पीयूषिकेतून दिवसातून दोनदा उसळणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक पीतपिंड टिकवते, आणि रुजण्यापूर्वी ग्रंथी काढून टाकली तर गर्भ रुजत नाही. गाईत मात्र 15 ते 17 व्या दिवसांच्या सुमारास गर्भालाच ‘इंटरफेरॉन टाऊ’ हे प्रथिन सोडून आपले अस्तित्व कळवावे लागते. तो संकेत मिळाला नाही, तर गर्भाशयातील प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य पीतपिंड विरघळवते आणि गाय पुन्हा माजावर येते.

तुमची गाय नेमकी 21 व्या दिवशी उलटते, याचा अर्थ एकतर फलन झाले नाही किंवा गर्भ हा संकेत देण्याआधीच नष्ट झाला. उन्हाळ्यात केवळ कुटारावर (कोरड्या भुशावर) राहून बरगड्या दिसू लागलेल्या गाईत एलएचचे स्रवणे मंदावते. शिवाय विदर्भातील उन्हाचा ताण पहिल्या आठवड्यातील कोवळ्या गर्भाला सोसत नाही. म्हणून ढेप, हिरवा चारा, खनिज मिश्रण आणि दाट सावली या गोष्टी मला इंजेक्शनाइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. पहाटे शेपटीला चिकटलेला काचेसारखा सोट (चिकट स्राव) दिसला आणि गाय माजावर असल्याची खात्री झाली, तर त्याच संध्याकाळी रेतन करून घ्यावे. संप्रेरकाची सुई मात्र तपासणीशिवाय देऊ नये.

यापुढे ती 35-40 दिवसांनी उलटली, तर तारखेसह पशुवैद्यकांना अवश्य सांगावे. कारण अशा वेळी गर्भाने संकेत दिल्यानंतर तो दगावला असण्याची शक्यता असते.