'पास्तोर' म्हणजे पाद्री नव्हे, गोप!

प्रश्न असा आलाय: ग्वारीनीच्या 'इल पास्तोर फीदो' या इटालियन नाटकाचं नाव मराठीत 'निष्ठावान पाद्री' असं दिलेलं वाचलं, ते बरोबर आहे का? आणि अशा पॅस्टोरल ड्रामाला, म्हणजे मेंढपाळांच्या जगात घडणाऱ्या नाटकाला, 'ग्रामीण नाटक' म्हटलं तर चालेल का?

दोन्हीचं उत्तर नाही. पास्तोर म्हणजे मेंढरं राखणारा. चर्चमधला पास्टर हा त्याचाच पुढचा लाक्षणिक अर्थ, आणि पाद्री तर वेगळाच शब्द, पोर्तुगीज 'पाद्रे' म्हणजे बाप, त्यावरून आलेला. १६०२ साली लंडनमध्ये या नाटकाचं पहिलं इंग्रजी पद्य भाषांतर छापून आलं त्याच्या शीर्षकातच 'शेफर्ड' आहे, १६४७ च्या रिचर्ड फॅनशॉच्या भाषांतरातही शेफर्डच, मग आपल्याकडेच हा पाद्री कुठून घुसला?

'ग्रामीण' तर अजिबात नको. ग्रामीण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दुष्काळ, सावकार आणि रांगडी बोली येते. इटालियन कवी तास्सोचं असंच नाटक 'अमिंता' १५७३ मध्ये इटलीतल्या फेराराच्या दरबारासाठी झालेलं, त्यातले मेंढपाळ मेंढ्यांकडे बघतात कमी आणि प्रेमावर बोलतात जास्त, तेही दरबारी लोकांच्या तोंडी शोभेल अशा भाषेत. (अमिंता हा मुलगा आहे हो, आकारान्त नाव बघून नायिका समजू नका, नायिका सिल्व्हिया.)

मी 'गोपनाट्य' म्हणतो. यावर लगेच कुणीतरी म्हणतं, गोप गाई राखतो, मेंढ्या नाही. अहो, ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नीला 'गोपामृतस्य' म्हटलंय, म्हणजे ऋताचा, विश्वाच्या नियमाचा राखणदार, तिथे कुठे आली गाय? गो + पा, पा म्हणजे राखणं, तोच नृप, भूप, अधिप मधला. आणि खरी गंमत पुढे आहे, लॅटिन 'पास्तोर' मधला पा हाच पा! मूळ धातू एकच, राखणं-चारणं. त्याच घराण्यातला लॅटिन 'पानिस' म्हणजे ब्रेड, तो पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि झाला पाव. म्हणजे गोप, पास्तोर आणि वडापावातला पाव हे एकमेकांचे भाऊबंद आहेत, हे कळलं त्या दिवशी मला रात्री झोप नव्हती.

अजून एक. 'गोप' हा 'गुप्' धातूपासून आला असं सांगणारे पंडित अजून भेटतात, संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, धातुपाठात, 'गुपू रक्षणे' म्हणजे 'गुप्, राखणे' असं आहे ना, मग झालं! मला हे साफ उलटं वाटतं आणि आधुनिक व्युत्पत्तीशास्त्रही उलटंच सांगतं: आधी गोप म्हणजे गाई राखणारा, मग राखणारा एवढाच अर्थ उरला, आणि त्या शब्दातून 'गुप्' हा धातू मागाहून काढला गेला. म्हणजे गुप्त, गोपनीय, गुप्तहेर, सगळ्यांचा मूळपुरुष गवळी! धातुपाठात आहे म्हणून तो शब्दाच्या आधीचा, हा हट्ट आता सोडायला हवा.

भाषांतरांबद्दल बोलायचं, तर इंग्रज कवी अब्राहम फ्रॉन्स बघा. १५९१ मध्ये त्यानं 'अमिंता' इंग्रजीत आणलं ते हेक्झामीटरमध्ये, म्हणजे ओळीत सहा गण असलेलं ग्रीक-लॅटिनचं वृत्त इंग्रजीच्या गळ्यात बांधून, आणि वर सिल्व्हियाची फिलिस करून टाकली, कारण थॉमस वॉटसन या इंग्रज कवीच्या लॅटिन काव्यातल्या अमिंतास-फिलिसशी त्याला हे जोडायचं होतं. नाटककार बेन जॉन्सन फ्रॉन्सला त्याच्या हेक्झामीटरवरून सरळ मूर्ख म्हणाला. मला ते पटत नाही. परकं वृत्त किंवा परका काव्यप्रकार आपल्या भाषेत पेलतोय का हे कुणीतरी करून बघावंच लागतं, आपल्याकडेही सुनीत (सॉनेट) असंच आलं आणि रुळलं.

जाता जाता, 'पास्टर' आणि 'पशु' एकच असंही काही जण सांगतात. नाही. पशुचा लॅटिनमधला भाऊ 'पेकुस', म्हणजे गुरंढोरं, त्याचा पास्तोरशी संबंध नाही.